पन्नाशीनंतरचे पन्नास मीटर

खटाव तालुक्यात पन्नाशी-साठीच्या माणसाला पोहायला कुठं शिकलात असं विचारलं, तर उत्तर बहुधा विहिरीचंच येतं. पाठीला रिकामा डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून चुलत्यानं पाण्यात सोडायचं, काही दिवसांत बिंडा सुटायचा आणि पुढचे सगळे उन्हाळे मळ्यातल्या विहिरीत जायचे. वडूजवरून वाहणारी येरळा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. पण हीच येरळा पुढं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाकाठी तर पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या टाकणारे पोहणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या मुलखातले कितीतरी जण शाळा-कॉलेजात जिल्हा आणि राज्य पातळीवर ५० आणि १०० मीटर पोहले, नोकरी-शेती-संसारात पोहणं सुटलं, आणि आता मुलं मोठी झाल्यावर हात पुन्हा पाण्याकडं ओढ घेतात. त्यांच्यासाठी मास्टर्स जलतरण, म्हणजे मोठ्यांच्या वयोगटांनुसार होणाऱ्या शर्यती, आहे. कमी अंतराच्या, वेगाच्या शर्यतीत वय नेमकं काय करतं आणि त्यावर सरावानं काय करता येतं, ते इथं टप्प्याटप्प्यानं पाहू.

दोन माणसं, एकच अंतर

पन्नास मीटर फ्रीस्टाइलशी या भागाचं नातं जुनं आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. उपचार म्हणून पोहणं सुरू झालं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण.

दुसरे कोल्हापूरचे वीरधवल खाडे. सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. आशियाई जलतरणात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं ते पदक होतं. पुढं ते तहसीलदार झाले आणि काही वर्षं सराव जवळजवळ थांबला. मग परत आले, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत २२.४७ सेकंद लागले आणि कांस्यपदक एका शतांश सेकंदानं गेलं. त्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे साधारण सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. पुढं २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ३२ व्या वर्षी त्यांनी याच शर्यतीत सुवर्ण जिंकलं, आणि त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे महिलांच्या ५० मीटरमध्ये पहिल्या आल्या.

नोकरीमुळं काही वर्षं सराव सुटूनही कारकिर्दीतली सर्वोत्तम वेळ सत्ताविशीच्या उंबरठ्यावर देता येते, हे खाडे यांनी दाखवलं. बाहेरच्या जगातले आकडे याच्याही पुढं जातात. अमेरिकेच्या डारा टॉरेस यांनी २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी ५० मीटरचं रौप्य मिळवलं. सुवर्ण त्यांच्यापासूनही एका शतांश सेकंदावर होतं. अँथनी अर्विन २००० साली सिडनीत या शर्यतीत सुवर्णाचे संयुक्त मानकरी ठरले, मधली बरीच वर्षं स्पर्धांपासून दूर राहिले आणि २०१६ मध्ये ३५ व्या वर्षी रिओत पुन्हा सुवर्ण जिंकले. ब्राझीलचे निकोलस सांतोस यांनी २०२२ मध्ये ४२ व्या वर्षी २५ मीटर तलावातल्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय जिंकली. वेगाची शर्यत ही फक्त विशीतल्या पोरांची, ही समजूत या नावांनी खोटी ठरवली आहे.

पन्नास मीटरमध्ये शरीरात काय घडतं

पंचावन्न वर्षांचा माणूस ५० मीटर ३४ सेकंदांत पोहतो असं धरू. पहिले आठ-दहा सेकंद स्नायू आपल्याजवळ साठवलेल्या फॉस्फेटच्या इंधनावर चालतात. हे इंधन सर्वांत जलद, पण साठा अगदी थोडा. तो उतरणीला लागला की साखर ऑक्सिजनशिवाय फोडून ऊर्जा काढली जाते. हीही जलद, पण तिच्याबरोबर स्नायूंत आम्लता वाढत जाते. तीसेक मीटरनंतर दंड जड होतात, पाय खाली बसू लागतात, ते याच कारणानं. ऑक्सिजनवर चालणारी, तासन्‌तास पुरणारी व्यवस्था या शर्यतीत थोडाच हातभार लावते. म्हणून रोज दोन किलोमीटर संथ पोहणाऱ्याचा दम वाढतो, पण ५० मीटरची वेळ फारशी बदलत नाही. दोन्हींची यंत्रणाच वेगळी.

स्नायूंतही दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू दमदार आणि चिवट. जलद तंतू झटक्यात जोर लावणारे, पण लवकर थकणारे. सूर मारताना ब्लॉकवरून मिळणारी फेक आणि पाण्यात हाताचा जोरदार ओढा, हे सगळं जलद तंतूंचं काम आहे.

वय नेमकं काय नेतं

तिशीनंतर स्नायूंचं वस्तुमान दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के कमी होतं, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ही घट सगळीकडं सारखी नसते. मंद तंतू बरेच टिकतात, जलद तंतू आधी बारीक होतात. मेंदूकडून स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या मोठ्या मज्जापेशी वयानुसार कमी होतात. त्यांच्या ताब्यातले काही जलद तंतू शेजारच्या मंद मज्जापेशींच्या हाताखाली जातात आणि मंद होऊन बसतात. त्यामुळं म्हातारपणी आधी जातो तो झटका, मग ताकद आणि सर्वांत शेवटी चिवटपणा. पोत्याचं वजन उचलता येतं, पण बांधावरून टुणकन उडी मारताना अंग थबकतं, हे याचंच लक्षण.

दुसरी गोष्ट सांध्यांची. खांदा डोक्यावर पूर्ण जात नाही, घोटा पाठीमागं पूर्ण सरळ होत नाही, पाठीचा मणका वळत नाही. तिसरी गोष्ट सावरण्याची. विशीत जोरदार सरावानंतर दुसऱ्या दिवशी अंग तयार असायचं. पन्नाशीनंतर तेच सावरायला दोन-तीन दिवस लागतात.

पाण्याचा हिशेब

एवढं ऐकून कुणी निराश होईल, पण पाणी वयस्क स्प्रिंटरच्या बाजूनं उभं असतं. त्याचं कारण साध्या गणितात आहे.

पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या अडथळ्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग १० टक्के वाढवायला जवळजवळ ३३ टक्के जास्त शक्ती लागते. हाच हिशेब उलटा करा. शक्ती १० टक्के घटली तर वेग फक्त साडेतीन टक्के घटतो. शक्ती २० टक्के गेली तरी वेग सातेक टक्केच जातो. ३० सेकंदांचा गडी ३२.३ वर येतो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. शक्ती तेवढीच ठेवून पाण्याचा अडथळा १० टक्के कमी केला, तरी वेग साडेतीन टक्के वाढतो. ३० सेकंदांत एक सेकंद वाचतो. अडथळा कमी करायला तरुण स्नायू लागत नाहीत, अंगाचा नीट आकार लागतो. डोकं वर काढलं की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाण्यापुढं अंगाची भिंत उभी राहते. नजर तळाकडं, मान मणक्याच्या रेषेत, पोट आत, पाय लांब आणि घोटे सैल, एवढं साधलं तर पंचावन्नाव्या वर्षीही पंचविशीतली काही वेळ परत मिळते.

हे निव्वळ तर्कातलं नाही. हिरोफुमी तनाका आणि डग्लस सील्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धांचे निकाल तपासून १९९७ मध्ये जे मांडलं त्याचा सारांश असा : १५०० मीटरची वेळ सत्तरीपर्यंत हळूहळू, सरळ रेषेत खालावते आणि सत्तरीनंतर घसरण तीव्र होते; आणि १५०० मीटरपेक्षा ५० मीटरमधली घसरण कमी असते. झटका आधी जातो असं आपण म्हणालो, तरीही लहान अंतरात तोटा कमी दिसतो. लहान शर्यतीत तंत्राचा, सुराचा आणि अंगाच्या आकाराचा वाटा मोठा आहे, हे त्याचं एक महत्त्वाचं कारण मानता येईल.

सराव : कमी पोहा, जोरात पोहा

आपल्याकडं जुना सराव म्हणजे लांबीवर लांबी. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरन मॅकएव्हॉय यांनी ही पद्धत सोडून पाण्यातलं अंतर अगदी कमी केलं, अंगाची ताकद आणि पूर्ण वेगाच्या छोट्या फेऱ्यांवर भर दिला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ३० व्या वर्षी ५० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण २१.२५ सेकंदांत जिंकलं. मास्टर्स जलतरणपटूसाठी हीच वाट सोयीची, कारण त्याच्याकडं वेळही कमी आणि सावरण्याची शक्तीही कमी.

आठवडा असा बसवता येईल.

पाण्यात दोन दिवस वेग. आधी १५-२० मिनिटं सावकाश पोहून अंग गरम करायचं. वय वाढेल तसा हा वेळ वाढवायचा, कमी करायचा नाही. मग १५ मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या, प्रत्येक फेरी पूर्ण जोरानं, आणि प्रत्येक फेरीनंतर दीड-दोन मिनिटं थांबायचं. हे थांबणं सरावाचाच भाग आहे. फॉस्फेटचं इंधन पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतो. घाईनं पुढची फेरी घेतली की वेगाचा सराव संपतो आणि दमाचा सुरू होतो. वेगाच्या दुसऱ्या दिवशी २५ मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकीनंतर तीन मिनिटं विश्रांती, आणि शेवटी शर्यतीच्या जोरानं एकच ५० मीटर. वेळ वाढू लागली की थांबायचं. उरलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याखेरीज काही देत नाहीत.

पाण्यात एक दिवस तंत्र. इथं प्रत्येक लांबीला हात मोजायचे. २५ मीटरला २४ हात लागत असतील, तर त्याच वेळेत २२ हातांत कसं पोचता येईल ते पाहायचं. हात पाण्यात घालताना कोपर उंच ठेवायचं, पंजा आणि मनगट-कोपर यांमधला भाग मिळून एक वल्हं व्हायला हवं. कोपर खाली पडलं की पाणी हातातून निसटतं आणि सगळा भार खांद्यावर येतो.

जमिनीवर दोन दिवस ताकद. सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख आहे, आणि जलतरणपटूला लागणारी बरीच साधनं तालमीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोर चढणं हा पाठीचा आणि दंडाचा ओढा वाढवणारा उत्तम व्यायाम. बैठकांनी मांड्या भरतात. त्यांत वजन घेऊन कमी वेळा मारलेल्या बैठका वेगासाठी जास्त कामाच्या. पाच-सहा जोरदार उभ्या उड्या प्रत्येक वेळी ठेवाव्यात, कारण झटका नुसत्या वजनानं टिकत नाही, तो झटक्यानंच टिकतो. गुडघे दुखत असतील तर उड्यांऐवजी खुर्चीवरून झटकन उठणं चालेल.

दोन जोरदार दिवसांमध्ये किमान ४८ तास अंतर हवं. रोज दहा मिनिटं खांदे आणि घोट्यांसाठी द्यावीत. वज्रासन इथं फार उपयोगी पडतं. त्यात पावलं पाठीमागं सरळ ताणली जातात, आणि पायांचा मारा प्रभावी होण्यासाठी घोटा याच दिशेनं सैल असावा लागतो.

जेवणाचा भागही सरावाएवढाच. वयस्क स्नायूला तेवढीच वाढ घडवायला तरुणापेक्षा जास्त प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागं दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. सत्तर किलोच्या माणसाला ते ८४ ते ११२ ग्रॅम होतं. भाकरीबरोबर मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध-दही, अंडी, मासे-मटण असं तिन्ही वेळच्या जेवणात विभागून घ्यावं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

विहिरीतला गडी तलावात

विहिरीत शिकलेल्याकडं दोन गोष्टी पक्क्या असतात : पाण्याची भीती नसते आणि उडीचा आत्मविश्वास असतो. बदलाव्या लागतात त्याही दोनच.

पहिली उडी. विहिरीत उंच उडी खोल जाते. शर्यतीचा सूर पसरट असतो. ब्लॉकच्या कडेला पायाची बोटं रोवायची, हात डोक्यावर एकावर एक, कान दंडांमध्ये दाबलेले, आणि बोटं जिथून पाण्यात शिरली त्याच छिद्रातून डोकं, छाती, कंबर, पाय असं सगळं अंग ओवायचं. आत गेल्यावर लगेच हात मारायचा नाही. सुरातून मिळालेला वेग पोहण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त असतो. अंग ताठ ठेवून, पायांनी माशासारखे दोन-चार फटके देत तो वेग वापरायचा, आणि तो पोहण्याच्या वेगापर्यंत उतरला की वर यायचं. नियमानं १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. मास्टर्समध्ये बहुतेकांना सात-आठ मीटर पुरतात.

दुसरी गोष्ट श्वास. विहिरीत डोकं वर काढून पोहायची सवय असते. तलावात तोंड फक्त बाजूला वळवायचं, एक डोळा पाण्यात राहील एवढंच. ५० मीटरमध्ये आघाडीचे जलतरणपटू एक-दोनदाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत. पन्नाशीच्या माणसानं चार-पाचदा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. शेवटच्या पाच मीटरमध्ये मात्र श्वास न घेता, हात पूर्ण लांबवून भिंत गाठावी. स्पर्शासाठी घसरत जाण्यानं किती हरवतं, ते जकार्ताच्या त्या शतांश सेकंदावरून कळतं.

वडूजहून सातारा किंवा कराड साधारण पन्नासेक किलोमीटर. रोज तिकडं तलावावर जाणं कुणाला जमत नाही. मग आठवड्यातून एक दिवस तलावावर, तंत्र आणि सुरासाठी. बाकी दिवस तालीम. विहिरीत सराव करायचाच असेल तर पाणी किती आणि तळाशी दगड आहे का ते आधी बघावं, पाण्यातल्या मोटरीची वीज बंद करावी आणि काठावर दुसरा पोहणारा माणूस असल्याशिवाय उतरू नये.

मास्टर्स स्पर्धेची रीत

मास्टर्स जलतरणाची सुरुवात १९७० मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात झाली; पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोला भरली. आज वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स ही आंतरराष्ट्रीय संघटना तिचे नियम ठरवते. आपल्याकडं भारतीय जलतरण महासंघाची राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा होते, आणि मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेतही मोठ्या वयोगटांना जागा असते.

वय २५ पासून पुढं दर पाच वर्षांचा एक गट : २५ ते २९, ३० ते ३४, आणि असंच थेट शंभरीपार. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे असेल ते धरतात. म्हणजे ज्याला नोव्हेंबरमध्ये साठ पूर्ण होणार, तो जानेवारीपासूनच ६० ते ६४ च्या गटात जातो. दर पाच वर्षांनी आपण नव्या गटात सर्वांत तरुण होतो, म्हणून अनुभवी खेळाडू पंचावन्नावं, साठावं वरीस यायची वाट बघतात. रिलेमध्ये चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो, त्यामुळं सत्तरीच्या सोबत्याला संघात मोल येतं.

नियमांतही वयाचा मान राखला आहे. सुरुवात ब्लॉकवरून करा, काठावरून करा किंवा पाण्यात उतरून भिंतीला रेटा देऊन करा, तिन्ही चालतात. बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकचा पाय मारायला परवानगी आहे. २५ आणि ५० मीटर तलावातल्या वेळा वेगळ्या नोंदल्या जातात, कारण वळणावर भिंतीला रेटा मिळाल्यानं लहान तलावात वेळ कमी लागते. वय किती चालतं, याचं उत्तर जपानच्या मिएको नागाओका यांनी दिलं आहे. ऐंशीच्या सुमारास पोहायला लागलेल्या या बाईंनी २०१५ मध्ये शंभराव्या वर्षी १५०० मीटर फ्रीस्टाइल पूर्ण केली.

सुरू करण्याआधी

पन्नास मीटर पूर्ण जोरानं पोहताना रक्तदाब आणि हृदयाचे ठोके काही सेकंदांत झपाट्यानं वाढतात. म्हणून चाळिशीनंतर पुन्हा सुरू करताना रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा गरगरणं जाणवलं तर त्याच क्षणी बाहेर यावं. विहिरीच्या गार पाण्यात एकदम उडी न टाकता आधी अंगावर पाणी घ्यावं. पाण्याखाली श्वास रोखायचा सराव एकट्यानं कधीही करू नये, आणि त्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्यानं श्वास घ्यायची जाणीवच उशिरा होते आणि माणूस पाण्यात बेशुद्ध पडू शकतो. खांद्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर तो दिवस पायांच्या सरावाला द्यावा.

पहिले दोन महिने फक्त तंत्र आणि हलकी ताकद, पुढचे दोन महिने १५ मीटरचा वेग, त्यानंतर शर्यतीचे पन्नास मीटर. स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी अंतर निम्म्यावर आणायचं, जोर तोच ठेवायचा. पहिल्या स्पर्धेतली वेळ ही तुमची खरी सुरुवात धरा. तिची तुलना कॉलेजातल्या प्रमाणपत्राशी करू नका, पुढच्या वर्षीच्या वेळेशी करा. वयानं वेळ वाढणार हे ठरलेलं आहे, पण किती वाढेल हे बरंचसं तुमच्या हातात आहे. साठाव्या वर्षीची वेळ पंचावन्नाव्या वर्षीच्या वेळेपेक्षा अर्धा-पाऊण सेकंदच मागं असेल, तर त्या पाच वर्षांचा सराव नीट झाला असं खुशाल समजा.